सत्तेचाळिसावा टोला

हेरेनबेक गावच्या मनोऱ्यातल्या सत्तेचाळीस घंटा दर तासाला गाणं म्हणायच्या, त्या उन्हाळ्यापासून मुक्या होत्या. घंटांना काही झालं नव्हतं, हातोड्यांना काही झालं नव्हतं. हातोडे ओढणारी वरची लोखंडी पेटी तीस वर्षांची असली तरी ठणठणीत होती. मेला होता तो तिला हुकूम सोडणारा संगणक, आणि त्याच्या जागी पालिकेने आणलेल्या कोऱ्या करकरीत संगणकाला पेटीची बोलीच कळत नव्हती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. या पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं होतं.

गावाची घंटावादक लुतगार्त तीन आठवडे त्याच्यापुढे कपाळ बडवत होती. शेवटी कुठल्याशा हौशी माणसाने लिहिलेला एक ड्रायव्हर तिला सापडला, म्हणजे पेटी आणि संगणक यांच्यामधला दुभाषाच म्हणा. गुरुवारी, बाजाराच्या दिवशी सकाळी तिने तो बसवला आणि हातोडे हलतात का ते बघायला बापाला वर घंटांपाशी धाडलं. ओमेर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने या मनोऱ्यातल्या तारा, हातोडे आणि वंगण सांभाळलं आणि बदल्यात दोन्ही कान घंटांना देऊन टाकले. श्रवणयंत्र लावलं तर फोनवरचं बोलणं त्याला जेमतेम कळायचं.

मनोऱ्यात एक जुना नियम आहे. घंटेपाशी हात घालायचा तर आधी भिंतीवरचा मोठा खटका बंद करायचा आणि त्यावर आपली टोपी लटकवायची. टोपी दिसली की खुद्द महापौर आला तरी त्याने खटक्याला बोट लावायचं नाही. आज लुतगार्तनेच खालच्या खोलीतून मनोऱ्याच्या फोनवर सांगितलं, "पपा, टोपी काढा आणि खटका चालू करा. पेटी जागी पाहिजे मला."

"वा! आता लेक बापाची टोपी उतरवणार."

"आणि बार्बराचा ठोकळाही काढा."

बार्बरा म्हणजे सगळ्यांत थोरली घंटा, चार टनांची. तिचा हातोडाच सत्तर किलोचा, म्हणून काम करताना हातोडा आणि घंटा यांच्यामध्ये लोकर गुंडाळलेला ओकचा ठोकळा सरकवून ठेवतात.

"राहू दे की ठोकळा."

"ठोकळा असला तर हातोडा पडूनही मला खाली काय कळणार? उगाच घोळ घालू नका."

"काढला गं बाई, काढला! स्वतः भित्री भागूबाई आणि हुकूम बघा केवढे!"

हे नाव तिला सातव्या वर्षी चिकटलं होतं. तेव्हा ती या जिन्यात भिंतीला पाठ लावून रडत बसायची आणि ओमेर मात्र वरच्या तुळयांवरून शिटी वाजवत फिरायचा. भीती नावाची वस्तू देव या माणसात घालायला विसरला, असं आई म्हणायची. लुतगार्तला ते अजूनही खरं वाटत होतं.

तिने सगळ्यांत लहान घंटेपासून सुरुवात केली. एक कळ दाबायची, वरून "नाही" ऐकायचं, पुढची दाबायची. पस्तीस लहान घंटा वरच्या मजल्यावर, बारा मोठ्या त्याखालच्या मजल्यावर. म्हातारा बिचारा त्यांच्यामधली शिडी उतरून आला. शेवटी बार्बराची कळ दाबली.

"ढिम्म," ओमेर म्हणाला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात तिला बारीक अक्षरं दिसली. नवी प्रणाली अनोळखी दुभाषाला दारातच अडवून बसली होती. लुतगार्तने परवानगी दिली. तपासणीला अर्धा तास लागेल, असं उत्तर आलं.

"मग तोवर बार्बराच्या हातोड्याची खाच पुसून घेतो," ओमेर म्हणाला. "आणि तू गुस्ताकडची अर्धी कोंबडी घेऊन ये. कातडं कुरकुरीत बघून आण, नाहीतर आणशील मागच्यासारखं चामडं."

"खटका चालूच ठेवावा लागेल हं. पण काळजी नको, पेटीला काही कळतच नाहीये. ठार बहिरी झालीये."

"बहिऱ्यासमोर असं बोलू नये," म्हणून त्याने फोन ठेवला. आता तो श्रवणयंत्र खिशात टाकणार, कानांवर जाड झापडं चढवणार आणि हातोडा नि घंटेच्या मध्ये डोकं घालणार, हे तिला न बघताही माहीत होतं.

चौकात धुकं होतं. गुस्ताबाईच्या गाडीवर सळईला खोचलेल्या कोंबड्या भाजत फिरत होत्या. लुतगार्त कोंबडीची पिशवी हातात घेत होती तेवढ्यात वरून टिण् असा आवाज आला.

तिने मान वर केली. पुन्हा टिण्, जरा जाड. मग तिसरी.

"अगं, वाजल्या!" गुस्ताने चिमटा टाकून तिला मिठी मारली. चीजवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग आख्ख्या बाजाराने. लुतगार्तही हसली. तीन आठवड्यांच्या कष्टाचं फळ, डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. पाचवी वाजली, सहावी वाजली. लहानीपासून मोठीकडे, ओळीने, एकेक.

नववीला तिचं हसू थांबलं.

ही तिचीच ओळ होती. वाया गेल्या म्हणून तिने सोडून दिलेल्या सत्तेचाळीस कळांपैकी एकही वाया गेली नव्हती. संगणकाने साऱ्या जपून ठेवल्या होत्या आणि दुभाषाला परवाना मिळताच तो त्या एकामागून एक वर सोडत होता. चार-चार सेकंदांनी एक. ओळीच्या शेवटी बार्बरा होती, आणि बार्बरापाशी पपा.

"सोड मला," ती म्हणाली.

"अगं, थांब ना, एक घास तरी..."

"सोड!" लुतगार्तने तिला ढकललं आणि धावत सुटली. टाळ्या चालूच होत्या.

संगणकाच्या खोलीपर्यंत एकशे चाळीस पायऱ्या. हाका मारण्यात अर्थ नव्हता, तो ऐकणार नव्हता. खोलीत पोचून वायर उपटायची, एवढंच तिच्या हातात होतं. अठरा. एकोणीस. गोल जिन्यात भिंती अंगावर येत होत्या. चोपन्न वर्षांचे गुडघे, छातीत भाता. पंचविसाव्या घंटेला ती घसरली, हाताला खरचटलं, पिशवी खाली गडगडत गेली. मीच टोपी काढायला लावली, मीच ठोकळा काढायला लावला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

छत्तिसावीला पायरी थरथरली. आता त्याच्या मजल्यावरच्या मोठ्या घंटा सुरू झाल्या होत्या. आता तरी त्याला जाणवेल, बाहेर निघेल, देवा, निघू दे त्याला. एक्केचाळीस. बेचाळीस. खोलीचं दार आलं आणि दाराला कुलूप होतं. पर्यटक घुसतात म्हणून निघताना तिनेच लावलेलं. किल्ली भोकात जाईना. पंचेचाळीस. शेहेचाळिसाव्या टोल्याला दार उघडलं. तिने टेबलाखाली झेप घेतली, वायर मुठीत धरली आणि ओढली.

त्याच क्षणी वर धप् असा आवाज झाला.

बार्बरा वाजली नाही. ओल्या पोत्यावर दांडकं मारावं तसा तो आवाज होता. मध्ये काहीतरी मऊ आलं की घंटा वाजत नाही, हे या मनोऱ्यातल्या माणसांना सांगावं लागत नाही.

वरच्या अडतीस पायऱ्या ती कशी चढली ते तिला नंतर आठवेना. बार्बराच्या कडेखालून त्याचे दोन बूट बाहेर आलेले दिसत होते. ते हलत नव्हते. "पपा," ती म्हणाली. तिने जवळ जाऊन एक बूट धरला.

बुटाने तिला लाथ मारली.

ओमेर इंचाइंचाने बाहेर सरकला. चेहरा पिठासारखा पांढरा. त्याने झापडं काढली आणि खिशातून श्रवणयंत्र काढून लावायला गेला, पण ते दोनदा हातातून निसटलं, अखेर तिनेच लावून दिलं. त्याच्यामागे, हातोडा आणि घंटा यांच्यामध्ये, ठोकळा चिरडून बसला होता.

"काढला म्हणाला होतात," लुतगार्त म्हणाली.

"खोटं बोललो. तू वर येऊन थोडीच बघणार होतीस?"

ती खालीच बसली. तिला हसूही येईना आणि रडूही येईना.

"पहिली मोठी वाजली तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "दात वाजले माझे. पण गुडघा तुळईखाली अडकलेला, निघता येईना. मग डोळे मिटून मोजत पडलो. अकरा बाकी होत्या. ठोकळा टिकतो की फुटतो, कोणाला ठाऊक!"

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

ओमेरने चिरडलेल्या ठोकळ्यावरून बोट फिरवलं.

"रोज वाटते गं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं, या शिडीवर पाय ठेवला की रोज. शिटी उगाच वाजवायचो का मी?"

लुतगार्त उठली. तिने भिंतीवरचा खटका बंद केला आणि खुंटीवरची त्याची टोपी घेऊन त्यावर लटकवली. मग आपल्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि तीही तिच्यावर अडकवली.