दुसऱ्यासाठी काढलेला विमा

मी एक जुनी, काळ्या रंगाची ॲम्बॅसेडर मोटार आहे. जन्म बंगालमधल्या कारखान्यात झाला, पण सारे आयुष्य गेले कर्नाटकातल्या सिरसीच्या टॅक्सीतळावर, परमण्णा नायकांच्या हाताखाली. मित्रांनो, काय दिवस होते ते! मारिकांबा देवीच्या जत्रेत माझ्यात दहा-दहा माणसे कोंबून बसत. कितीतरी नवऱ्या माझ्याच मागच्या सीटवर रडत सासरी गेल्या. पिकल्या फणसाचा वास माझ्या गाद्यांतून आठवडाभर हटत नसे. परमण्णा रोज सकाळी मला पुसत आणि मगच चहा घेत.

दरवर्षी विम्याचे एजंट सुब्राय हेगडे तळावर येत. एका वर्षी परमण्णा त्यांना म्हणाले, "हेगडे, गाडी म्हातारी झाली. हप्ता थोडा कमी होतो का बघा."

"पॉलिसीत दोन भाग असतात, परमण्णा. तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई, तो भाग सक्तीचा. तुमची गाडी मोडली तर तिची दुरुस्ती, तो तुमच्या मर्जीचा."

"मग दुसऱ्याचा तेवढा ठेवा. हिचं मी बघतो."

शेजारचा ड्रायव्हर रुद्रप्पा हसला. "गाडीला काही नाही आणि परक्यासाठी हप्ता. शहाणाच आहेस."

मलाही वाईट वाटले. माझी किंमत संपली, असेच मी धरून चालले.

त्याच हिवाळ्यात कुमट्याला वऱ्हाड सोडून आम्ही सकाळी परतत होतो. घाटाच्या पायथ्याशी दाट धुके होते. वळणावर परमण्णांनी वेग आवरला नाही. बागेकडे निघालेला एक माणूस एकदम समोर आला. परमण्णांनी मला वळवले, तरी मी त्याच्या पायाला लागलेच आणि पुढे झाडावर आदळले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. माझे इंजिन चालू होते. परमण्णांचा हात गिअरवर गेला. तो हात सतरा वर्षे माझ्या ओळखीचा. त्यांच्या मनात पळून जायचे आले, ते मला कळले. मग त्यांनी हात मागे घेतला आणि दार उघडले.

"नाव काय तुझं?"

"तिम्मा. सुपारीच्या झाडांवर चढतो मी, अण्णा. पाय राहील ना?"

परमण्णांनी त्याला उचलून माझ्या मागच्या सीटवर निजवले. चेपलेल्या तोंडाने, वाफ सोडत मी त्या दोघांना दवाखान्यात पोचवले. पोलिसांना परमण्णांनी सांगितले, "चूक माझी आहे."

"कुणी पाहिलं नव्हतं, मग कबूल कशाला केलंस?" रुद्रप्पाने विचारले.

"मी पळालो असतो तर गाडीचा नंबर कुणाला कळला असता? नंबर नसता तर त्या बिचाऱ्याने भरपाई मागायची कुणाकडे?"

कोर्टात दोन वर्षे गेली. परमण्णांनी दंड भरला, एकही तारीख चुकवली नाही. तिम्माला विम्याची भरपाई मिळाली. पाय आखडला तो आखडलाच, झाडावर चढणे संपले. पण त्याने सुपारीची रोपवाटिका सुरू केली.

मी मात्र अंगावर गोणपाट घेऊन उभी होते. परमण्णा दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आणि सुट्टीच्या दिवशी माझा एकेक भाग जोडत. माझे बॉनेट भंगारातून आले, तेही निळे.

त्यांची बायको नागवेणी म्हणाली, "अहो, हिचाही विमा ठेवायला हवा होता."

"चुकलंच माझं. जुनं झालं म्हणजे त्याला जपावं लागत नाही, असं वाटलं."

ते ऐकून माझ्या मनातली अढी गेली.

दुरुस्तीनंतरचे माझे पहिले भाडे तिम्माचे होते. त्याने रोपांच्या टोपल्या डिकीत ठेवल्या आणि काठी सांभाळत पुढे बसला.

"या गाडीत बसायला भीती नाही वाटत?" परमण्णांनी हळूच विचारले.

"वाटते ना. तुम्ही सावकाश चालवा म्हणजे झालं, अण्णा."

मित्रांनो, आता मी नागवेणीबाईंच्या अंगणात उभी असते. परमण्णा राहिले नाहीत. तुम्ही मोठे होऊन गाडी घ्याल तेव्हा विम्याची तारीख चुकवू नका. वळणावर वेग आवरा. आणि एवढे करूनही काही घडलेच, तर थांबा.