सापाचं पोट

सातुर्निना कोपाच्या भरतकामाच्या दुकानात रोज सकाळी पहिला अपमान कॉम्प्युटर करायचा. पडद्यावर पाटी यायची: हे यंत्र नव्या आवृत्तीच्या लायकीचं नाही, नवं घ्या. सातुर्निनाला अक्षरं जेमतेम लागायची, पण ही पाटी महिनाभर वाचून पाठ झाली होती. एकोणसत्तराव्या वर्षी गुडघे हेच सांगत होते, डोळे हेच सांगत होते. आता पत्र्याचा डबाही बोलायला लागला. ती पाटी बंद करायची, कोकाची दोन पानं गालात धरायची आणि मशीनला तेल घालायला उठायची.

गावाचा नाचाचा सण, ओरुरोचा कार्निव्हल, पाच आठवड्यांवर आला होता. सैतान-नाचाच्या एका टोळीचे अडतीस शेले तिच्याकडे होते, नाचणाऱ्यांनी पाठीवर घ्यायचे, आणि प्रत्येकावर साप. साप तर ला पास रस्त्यावरचा प्रत्येक दुकानदार भरतो. पण सातुर्निनाचा साप मान वळवून स्वतःच्याच शेपटीकडे रागानं बघायचा. बाविसाव्या वर्षी पिठाच्या पिशवीच्या कागदावर तिनं तो काढला होता. टोळीचा म्हातारा नायक इलारिओन सगळा रस्ता सोडून तिच्या दारात यायचा तो त्या सापासाठी.

तो साप आता कॉम्प्युटरात कोंडला गेला होता. अकरा वर्षांपूर्वी मुलानं, एद्गारनं, तो कागदावरून उचलून आत घातला. सहा वर्षांपूर्वी एद्गार कपडे शिवायला साओ पाउलोला गेला. आणि मागच्या महिन्यात त्या विकतच्या सिस्टमनं कोणाला न विचारता स्वतःला जरा नवं करून घेतलं, तेव्हापासून भरतकामाचा प्रोग्राम परवान्याची किल्ली मागत होता. मशीनला टाके तोच प्रोग्राम वायरीतून भरवायचा, म्हणजे मशीनही उपाशी. फोनवर एद्गार म्हणाला की किल्ली कधी नव्हतीच, प्रोग्राम मित्राकडून आणलेला. नवा कॉम्प्युटर घे, नाहीतर बाजारात तयार साप मिळतो तो भर, कोण बघतंय. सातुर्निनानं फोन ठेवला. बाजारातला साप म्हणजे डोळे लावलेली गोगलगाय.

शेवटी थोरली मुलगी सुल्मा एका रविवारी आली. सुल्मा शाळेत कॉम्प्युटरची खोली सांभाळायची आणि तिथली जुनी खटारी लिनक्सवर चालवायची. आईच्या दुकानातही तेच घालू, असं ती दोन वर्षं सांगत होती, आणि आई दोन वर्षं दुसरीकडे बघत होती.

"कोणाची आहे ही सिस्टम?" सातुर्निनानं विचारलं.

"कोणा एकाची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलीय. फुकट देतात."

"दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, ही तर साऱ्या जगाची. बिघडली तर रडायचं कोणापुढं?"

"विकतच्या सिस्टमपुढं रडून काय मिळालं तुला?"

सातुर्निना उठली आणि तिनं चहा टाकला.

सुल्मानं आधी डब्याची एक बाजू उघडली. आतून मूठभर रंगीत कागदाचे बारीक कपटे जमिनीवर सांडले; बाकीचे गुलाबी-पिवळे लगदे होऊन पंख्याला चिकटले होते. कार्निव्हलच्या मंगळवारी धरणीमातेला पाजायचं आणि ज्या हत्यारावर पोट चालतं त्याच्यावर कागदाचे कपटे नि दारू शिंपडायची, म्हणजे ते वर्षभर दगा देत नाही. कात्री, इस्त्री, मशीन, कोणाला सातुर्निना विसरत नव्हती. कॉम्प्युटरला बाहेरून शिंपडणं तिला कोरडं वाटलं, म्हणून ती अकरा मंगळवार वरच्या फटीतून मूठ आत सोडत आली होती.

"आई, याचा जीव गुदमरत होता."

"अकरा वर्षं चालला की. शेजारणीचे तीन-तीन वर्षांत मेले."

सुल्मानं नखानं आणि जुन्या दातब्रशानं तो लगदा खरवडला. सापाच्या सगळ्या फायली तिनं एका पेनड्राइव्हवर काढून घेतल्या आणि दुपारभर बसून जुनी सिस्टम पुसून नवी घातली. डब्याची घरघर थांबली. पडदा उघडला तो गप्प. लायकी काढणारी पाटी आलीच नाही. सातुर्निना थोडा वेळ तिची वाट बघत उभी होती.

पण एद्गारची मूळ फाइल काही उघडेना. ती फक्त त्याच्याच प्रोग्रामची भाषा बोलत होती. उघडली ती टाक्यांची फाइल, मशीन खातं ती. नव्या भरतकामाच्या प्रोग्रामात पडद्यावर सुई चालू लागली, एकामागून एक टाका. साप आकार घ्यायला लागला. सुल्मानं सुटकेचा श्वास सोडला. वायर मशीनला लावायची की उद्यापासून काम सुरू, असं म्हणत ती हात धुवायला उठली.

सातुर्निना तिच्या रिकाम्या खुर्चीत बसली. अकरा वर्षांत त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. एद्गार असताना तिनं माऊसकडे हात नेला की तो म्हणायचा, हात नको लावू आई. तो गेल्यावरही ती उभ्याउभ्याच, त्यानं दाखवलेली एक कळ दाबून, मशीनला साप भरवायची. आता हटकणारं कोणी नव्हतं. सुई डोक्यावरून मानेवर आली, मानेवरून पोटावर. सातुर्निना पुढं वाकली. प्रत्येक तिसरा खवला नव्हताच. सुई तिथून उडी मारून पुढं जात होती. एद्गारनं साप आत घालतानाच ते गाळले होते: दोरा वाचला, वेळ वाचला. कापडावर हे तिला कधी दिसलंच नव्हतं; वरून टिकल्या जोडणाऱ्या बायका त्यांच्या घरी काम करायच्या, शेले परत यायचे ते चमचमत, आणि तिची नजर तर केव्हाच धुरकट झालेली.

"हे पोट माझं नाही," ती सुल्माला म्हणाली.

सुल्मानं बघितलं आणि तिला समजलं. मग हळूच म्हणाली की पाच आठवडे राहिलेत, यंदा असंच भर, टिकल्यांखाली कोणाला दिसतंय.

दोन दिवसांनी इलारिओन शेल्यांची चौकशी करायला आला. सातुर्निनानं त्याला स्टुलावर बसवलं आणि आडवळण न घेता विचारलं, पोट विरळ आहे हे तुला माहीत होतं का. म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हाताला लागायचं, सातुर्निनाबाई. वाटलं, बाई थकली. थकलेल्या माणसाला कोण बोलून दाखवणार?"

म्हणजे अकरा वर्षं टोळी तिच्यावर दया करत होती. कोणी थोबाडीत मारली असती तर तिला कमी लागलं असतं.

"थकलेय ते खरं," ती म्हणाली. "पण पोट मी नाही चोरलं."

पोरानं चोरलं, हे तिनं सांगितलं नाही. इलारिओननंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती त्या खुर्चीत बसू लागली. आधी कागदावर नवा साप काढून बघितला. हात थरथरला, रेघ गोगलगायीकडे झुकली, कागद चुलीत गेला. मग सुल्मानं शाळेतून येताना दाखवलं की सापाच्या कडेचे ठिपके माऊसनं ओढायलाच हवेत असं नाही, बाणांच्या कळांनी केसभर सरकवता येतात. कळ दाबायला हात स्थिर लागत नाही, एक बोट पुरतं. शेजारचा खवला उचलायचा, रिकाम्या जागी ठेवायचा, फिरवायचा, बारीक करायचा. चुकलं तर मागं जायचं. सकाळी चार, दुपारी तीन. डोळ्यांतून पाणी यायचं, पाठ लाकूड व्हायची. मधेच प्रोग्राम थिजायचा आणि दोन खवले गिळून बसायचा. ती फुकट्यांच्या साऱ्या जगाला शिव्या घालायची आणि ते दोन पुन्हा करायची. नऊ दिवस गेले.

पहिला शेला आकसला. भरगच्च पोटानं कापडच ओढून घेतलं. सुल्माचा चेहरा पडला, पण हे दुखणं सातुर्निनाच्या ओळखीचं होतं. तिनं पातीनं टाके उसवले, खाली जाड कापडाचा दुसरा थर लावला, मशीनचा दोरा एका फेऱ्यानं सैल केला. दुसरा शेला सपाट आला. मग मशीन चालू झालं ते थांबलं नाही. शेवटचे चार शेले टिकल्यांशिवायच द्यावे लागले. इलारिओननं त्यातल्या एकावर अंगठा फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश. शेला घडी करताना त्यानं साप आत न ठेवता वर ठेवला.

कार्निव्हलच्या मंगळवारी सातुर्निनानं सगळ्या हत्यारांना कपटे वाहिले. कॉम्प्युटरपाशी ती थबकली. मग वाकून, गुडघ्याला शिव्या देत, तिनं टेबलाच्या चार पायांशी चार मुठी ठेवल्या आणि दारू जमिनीला पाजली. उठायला सुल्माचा हात घ्यावा लागला.

तेवढ्यात एद्गारचा फोन आला. कोणीतरी त्याला मिरवणुकीचे फोटो पाठवले होते.

"आई, साप जाड झालाय गं."

"जाड नाही. अकरा वर्षांनी पोटभर जेवलाय."

पलीकडे साओ पाउलोच्या मशीनांचा आवाज येत होता. मग एद्गार म्हणाला की आई, तेव्हा घाईत... आणि तिथंच अडकला. सातुर्निनानं त्याला ओढून बाहेर काढलं नाही, बुडवलंही नाही. तिला फार दमल्यासारखं झालं होतं.

"इकडं आलास तर बघ येऊन," ती म्हणाली. "खुर्चीत मी असते. तुला स्टूल आहे."