आधी सांग, ग्रोम की सेन्का?

मी खुर्ची बोलतेय. सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या कॉमिक्स क्लबात ज्याला बोलायचंय त्याने माझ्यावर बसायचं. पण एक नियम आहे: आधी ‘ग्रोम’ किंवा ‘सेन्का’ म्हणायचं, मगच पुढचं बोलायचं. असं का, हे विचारायचं नाही. नियम झाला तेव्हा मलाही कोणी विचारलं नव्हतं.

ग्रोम आणि सेन्का हे कॉमिक्समधल्या एकाच सुपरहिरो टोळीचे दोन म्होरके. ग्रोम आधी दार फोडतो, मग आत कोण आहे ते बघतो. सेन्का दारासमोर इतका विचार करते की आतले लोक म्हातारे व्हावेत. एका पानावर दोघांचं पटेल तर शपथ.

सुताराने लाकूड वाफवून माझी पाठ वाकवली. तेव्हापासून मला वाकायचा तिटकारा आहे. पुढे मी एका न्हाव्याच्या दुकानात आले. थांबलेली मुलं माझ्यावर बसून अंक वाचत. तिथेच वुकोटा आणि तेओफिल ही दोन पोरं एका अंकासाठी झोंबली. ओढाताणीत अंक मधोमध फाटला. वुकोटाच्या अर्ध्यात ग्रोम बरोबर ठरत होता, तेओफिलच्या अर्ध्यात सेन्का. दुसरा अर्धा वाचायची गरज दोघांनाही कधी वाटली नाही.

आता दोघांना कापायला केस उरले नाहीत. दुकान बंद झालं, त्यांनी क्लब काढला आणि मला इथे आणलं. दर रविवारी शेगडीच्या दोन बाजूंना दोन पक्ष बसतात.

“तुझा ग्रोम म्हणजे बिनब्रेकचा ट्रक!”

“आणि तुझी सेन्का मिरच्या निवडत बसली की बाजार उठतो!”

गेल्या रविवारी इस्क्रा पुढे आली. विद्यापीठात शिकते, चित्रं काढते, दर रविवारी मागे बसून ऐकते. क्लबाच्या वार्षिक पुस्तकासाठी तिने ग्रोम-सेन्काची नवी गोष्ट रंगवली होती. वर्षभर खपली होती बिचारी. गोष्ट इथे वाचून दाखवल्याशिवाय पुस्तकात जात नाही. ती माझ्यावर बसली.

“बाजू सांग, पोरी,” वुकोटा म्हणाला.

“नाही सांगणार.”

“मग ऊठ. गोष्ट घरी ने.”

“थोरांचं ऐकावं, बाळ,” तेओफिलने री ओढली. या एका बाबतीत दोघांचं लगेच जमलं.

इस्क्रा उठली नाही. “काका, माझ्या गोष्टीत टोळी तरते ती ग्रोम-सेन्का भांडतात म्हणून. एकटा ग्रोम सगळ्यांना बुडवेल, एकटी सेन्का सगळ्यांना काठावरच बसवेल. आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. वुकोटाकाका, हिवाळ्यात तुम्ही इस्पितळात होतात, तेव्हा तेओफिलकाका याच खुर्चीत बसून ‘ग्रोम’ म्हणाले. दर रविवारी. ‘त्याची बाजू तुम्हा कोणाला नीट मांडता येत नाही’ म्हणून.”

खरं होतं. ग्रोमसाठी इतकं तळमळून बोललेलं मी वुकोटाकडूनही ऐकलं नव्हतं.

“काय रे?” वुकोटाने विचारलं.

तेओफिलने कॉफीचा रिकामा कप तोंडाला लावला.

थोरांनो, मी लाकडाची आहे, तरी एवढं मला कळतं. तुम्हाला कळायला इतका वेळ का लागावा?

“मी बाजू घेणार नाही,” इस्क्रा म्हणाली, “आणि उठणारही नाही.”

तिने पहिलं पान उलटलं. शेगडीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या जवळ सरकल्या.