तीनशे ऐंशी मीटरचा गाळा

दर रविवारी सकाळी सुधीर पार्किंगमध्ये जाऊन आसावरीची स्कूटर दहा मिनिटं चालू ठेवायचा. कुठं न्यायचा नाही. बॅटरी उतरू नये, एवढंच. मानपाडा रोडवरच्या त्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारा सिल्वेस्टर खिडकीतून न चुकता विचारायचा, "कुठं निघालास रे?"

"नेपाळला."

"मग हेल्मेट घाल."

सुधीरची बायको आसावरी विजेच्या मोठ्या लाइनी टाकणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. गेली तीन वर्षं ती सीमेवर होती, भारत आणि नेपाळची वीज एकमेकांना जोडणाऱ्या लाइनवर. "लाइन झाली की आलेच," असं सांगून गेलेली. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला सुधीर इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत होता.

लाइन तशी झालीच होती. आपला शेवटचा मनोरा उभा होता, त्यांचा पहिलाही. मधे उसाचं शेत, सीमेचा दगड आणि दोन मनोऱ्यांमधला, अजून तार न ओढलेला तीनशे ऐंशी मीटरचा रिकामा गाळा. त्या गाळ्याला क्रमांक कोणत्या देशाकडून मोजून द्यायचा, यावर संयुक्त समितीच्या चार बैठका झाल्या. पाचवी अकरा वाजता ठरली. कुणाचे अकरा, ते ठरवायचं राहिलं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं. त्यांची मंडळी दहा मिनिटं वाट बघून, चहा पिऊन निघून गेली. आपली मंडळी अगदी वेळेवर पोचली आणि त्यांनी रिकाम्या खुर्च्यांबद्दल खेद नोंदवला.

शेजारी देशांच्या संबंधांचा एवढा अभ्यास डोंबिवलीत दुसऱ्या कुणी केला नसेल. पेपरात 'सौहार्दपूर्ण वातावरण' असं वाचलं की सुधीर पलंगावरच्या तिच्या बाजूचा अभ्रा बदलायचा.

त्या रविवारी स्कूटर फुरफुरत असतानाच फोन आला. "सुधीर, ऐक ना, इकडे..." आसावरीचा आवाज वाऱ्यात उडाला आणि मागून दहा-पंधरा माणसांचा ओरडा आला, "आली, आली! आली, आली!" मग फोनच कटला.

डोंबिवलीत असा ओरडा झाला की गेलेली वीज आलेली असते, नाहीतर पाणी. इथं मंजुरी आली असणार. आणि मंजुरी आली म्हणजे आसावरी आली.

"सिल्वेस्टर, आली रे!"

"काय, लाइट? गेलेली कधी?"

"आसावरी!"

सिल्वेस्टरनं बायकोला सांगितलं आणि रीटानं उरलेल्या तीन मजल्यांना. तोवर सुधीर स्कूटर काढून कल्याणच्या फुलबाजारात पोचलासुद्धा. सोनचाफ्याची शंभर फुलं घेतली.

"घरात लगीन हाय का?" फुलवालीनं पुडा बांधत विचारलं.

"जवळजवळ," सुधीर म्हणाला.

संध्याकाळी फोन नीट लागला. सुधीरनं कोणती गाडी, कोणता डबा, असं विचारायला सुरुवात केली तेव्हा आसावरी आधी गोंधळली, मग हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

"अरे, ते 'अलि, अलि' म्हणत होते. नेपाळीत म्हणजे थोडं, थोडं. मंजुरी नाही अजून, पण तारेआधीचा पहिला दोर तेवढा ओढून ठेवत होतो. हळूहळू ओढा, असं सांगत होते पलीकडून."

"म्हणजे आली नाही."

"नाही रे. सुधीर, एकतीसला मी रिटायर होतेय. पलीकडचे इंजिनिअर म्हणतात, बाई राहिल्या तर हे पुरं होईल. नवीन माणूस आला तर पुन्हा पहिल्या बैठकीपासून. सहा महिने मुदतवाढ देताहेत. तू नको म्हण, मी येते. खरंच येते."

"सहा म्हणजे सहाच?"

"समितीचे सहा."

सुधीरनं टेबलावरच्या पुड्याकडे पाहिलं. 'नको' म्हणायला श्वाससुद्धा फारसा लागत नाही. तीन वर्षांत त्यानं तो शब्द आरशासमोर कितीदा म्हणून पाहिला होता.

"राहा," तो म्हणाला.

"मनापासून?"

"मनापासून कसलं! पण आत्ता आलीस तर रोज गॅलरीत उभी राहून तिकडंच बघत बसशील. मला तो गाळा घरात नकोय."

पलीकडे वारा वाढला. मग ती म्हणाली, "बरं," आणि तेही अर्धंच ऐकू आलं.

दारावरची बेल वाजली. सिल्वेस्टर आणि रीटा, दोघंही इस्त्रीच्या कपड्यांत.

"किती वाजता उतरणार वहिनी? कल्याणला जाऊ ना घ्यायला?"

"चर्चा सकारात्मक झाली," सुधीर म्हणाला.

सिल्वेस्टरही पेपर वाचायचा. त्यानं हळूच चपला काढल्या आणि आत येऊन बसला. "म्हणजे नाही येत."

"येणार आहे. तारीख तेवढी नाही."

घर भरून राहिलेल्या वासाचा माग काढत रीटानं पुड्याकडे नजर वळवली. "मग ही एवढी फुलं रे?"

"ने ना. सगळ्यांना दे." सुधीरनं पुडा उचलून पुढं केला. रीटानं दोन्ही हातांनी धरला, जरासा ओढला, पुन्हा ओढला.

"अरे, सोड तरी."

"हो, हो," सुधीर म्हणाला आणि पुडा धरूनच उभा राहिला.