भरल्या लाँचचं सूत

गुरप्पा फिटरला मोजायची खोड होती. चौतीस वर्षं गिरणीत माग फिरवणाऱ्या लांब दांड्यांचं, शाफ्टिंगचं, काम केलेला माणूस. गिरणीनं घरी बसवलं तेव्हा मोजण्यासारखं हाताशी काही उरलं नाही, म्हणून दिवसाकाठी आपल्याशी किती माणसं बोलली ते तो मोजू लागला. बायको असती तर हा हिशेब जमलाच नसता; तिच्या एकटीच्या बोलण्यातच दिवस सरला असता. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता बेरीज तीनच्या वर चढेना. त्यातली एक दूधवाली गोजाबाई. ती "भांडं" एवढंच म्हणायची. गुरप्पा तेही धरायचा. न धरून भागणार कसं?

तेहतीस सालच्या थंडीत सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावरचे ओव्हरसियर कमलाकरपंत सायकल टेकवून त्याच्या दारात उभे राहिले.

"गुरप्पा मिस्त्री आपणच ना?"

मिस्त्री! गुरप्पानं घाईघाईनं पटका शोधला.

काम असं होतं. इंजिनियर साहेबांच्या पाहणीसाठी तलावावर एक जुनी लाकडी लाँच होती. तिचं इंजिन गंजून बसलं होतं आणि त्याचे भाग आता कुठं मिळत नव्हते. पंतांनी उलटलेल्या एका मोटारीचं इंजिन गियरसकट मिळवलं होतं. ते लाँचमध्ये बसवून पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या जुन्या शाफ्टला जोडायचं.

"चालली तर लाँचजवळ कायमचा माणूस ठेवायचाय. राहायला खोली तिथंच," पंत म्हणाले. "नाही चालली तर लाकडाच्या भावानं जाईल."

तलाव म्हणजे साहेब येणार, पाहुणे येणार, शिपाई येणार. गुरप्पानं उभ्या उभ्या बेरीज दहावर नेली.

लाँच काठावर ओंडक्यांवर चढवली होती. मोटारीचं इंजिन बसायचं तिथं बसेना. त्यासाठी सागाच्या नव्या बैठका केल्या. गियरचं तोंड एका मापाचं, शाफ्टचं दुसऱ्या. दोन्हींना जोडणारं दोन तोंडांचं कपलिंग लेथवर कातून आणलं. मग गुरप्पानं गिरणीतल्या रिवाजाप्रमाणे बारीक सूत ताणलं आणि इंजिन, कपलिंग, शाफ्ट एका ओळीत आणले. केसाचा फरक नाही.

तलावाची दारं सोडणारा चनमल्लप्पा तंबाखू मळत बघत होता.

"मिस्त्री, पान्यात घाला आन् मग काय ते सूत धरा की."

"आरं, चारशे माग फिरवलेत मी ह्या सुतावर. सूत खोटं बोलत न्हाय."

"व्हय, पर गिरनी कुटं तरंगती?"

गुरप्पानं सूत आणखी ताणलं. बेरजेत मात्र त्याला धरलं.

पाहणीच्या दिवशी साहेब, त्यांचे दोन पाहुणे आणि पंत लाँचमध्ये बसले. लाँच झोकात निघाली. शंभर हात गेली असेल नसेल, बुडाखाली खडखडाट झाला, जळका वास सुटला आणि इंजिन आचका देऊन थांबलं. चनमल्लप्पानं होडी नेऊन, दोर बांधून सगळ्यांना ओढत आणलं. साहेब गुरप्पाशी चकार शब्द बोलले नाहीत.

"रविवारपर्यंत बघा," पंत खाली बघून म्हणाले. "नाहीतर काढून टाका इंजिन."

गुरप्पा एकटाच काठाशी तरंगणाऱ्या लाँचमध्ये बसून राहिला. हातानं शाफ्ट फिरवून बघितला. लोण्यासारखा फिरत होता! मग तो पुढं जाऊन चारजणांच्या बाकांवर वजन टाकत फिरला आणि मागं वळून बघतो तो कपलिंगच्या दोन तोंडांत एका बाजूला फट. तेव्हा उलगडा झाला. गिरणीची जमीन वाकत नाही. लाँचचं लाकडी पोट पाण्यात आणि भारानं वाकतं. कोरड्या, रिकाम्या लाँचवर धरलेलं सूत भरल्या लाँचला खोटं होतं. सूत धरायचं तर माणसं बसलेली हवीत.

"चनमल्लप्पा, जरा येऊन बस की."

"काय करायला?"

"काय न्हाय. निसतं बसायचं."

"निसतं बसायला मी काय पेन्शनर हाय?" म्हणत तो दारांकडं निघून गेला.

चार माणसं आणायची कुठून? ज्यांना "या, बसा" म्हणावं अशी सोलापुरात चार नावं त्यानं बोटांवर मोजून पाहिली. पहिल्याच बोटावर अडला. शेवटी त्यानं चार पोत्यांत ओली वाळू भरली आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवली. साहेबांचं पोतं जरा जास्त भरलं. लेक दाक्षायणीचं विजापूरहून वर्षाकाठी एक पोस्टकार्ड येई. त्याची कोरी कड कापून, फट सारखी आहे का ते बघायला, तो ती कपलिंगच्या फटीत सगळीकडून घालून बघत राहिला. जिथं कार्ड सैल, तिथं इंजिनाच्या पायाखाली पत्र्याची चकती. तीन दिवस लागले.

रविवारी लाँच चार माणसं घेऊन पार पलीकडच्या काठाला जाऊन आली. कपलिंग कुरकुरलंसुद्धा नाही.

"शाब्बास, मिस्त्री!" पंत म्हणाले. खोलीची किल्ली दिली. साहेब मोटारीत बसले. आता पाहणी थेट जूनमध्ये. पंतांचं बिऱ्हाड शहरात.

इंजिन आठवड्याला एकदा फिरवून ठेवायचा हुकूम होता. एकट्यानं नेली की लाँच खडखडे, आणि भरल्या लाँचला बसवलेलं सूत जूनच्या पाहणीपर्यंत हलवायचं नव्हतं. सोमवारी गुरप्पानं चारी पोती उचलून पुन्हा जागच्या जागी बसवली.

चनमल्लप्पा बांधावरून ओरडला, "कुटं निगाली वरात?"

"साहेबास्नी फिरवून आनतो!"

रात्री खोलीत गुरप्पानं दिवसाची बेरीज मांडली. चनमल्लप्पा: एक. जरा घुटमळला. पोती काही बोलली नव्हती. पण तसं बघितलं तर साहेब तरी कुठं बोलले होते?

त्यानं बेरीज पाच केली आणि दिवा मालवला.