खांबाआडची अदलाबदल

आमच्या जाऊबाई कधी स्वतःहून माझ्या जवळ यायच्या नाहीत. गोदामात मात्र रोज सकाळी मधल्या खांबाआड मला खेटून जायच्या. "सरक गं," म्हणायच्या आणि वर कोपर मारायच्या. मला वाटायचं, घरातली खोड इथेही आणली.

छताला कॅमेरा आहे. त्याच्या काळ्या डबीतली चिप हलणाऱ्या प्रत्येकाभोवती पडद्यावर चौकोन काढते, रोज सकाळी हजेरी लावताना ज्याचा त्याचा नंबर वर लावते आणि कोणी किती खेपा टाकल्या ते मोजते. चेहरा तिला कळत नाही. टोपी आणि निळा कोट सगळ्यांचा सारखाच. फार वेळ हललं नाही तर माणूस तिच्या लेखी खोकं. महिनाअखेरीस आमच्या दोघींपैकी कमी खेपावालीला काढणार होते. या पगाराच्या जोरावर मी वेगळी खोली बघून ठेवली होती, याच बाईपासून सुटायला. आणि मी घाम गाळून तळाला, गप्पा झोडणाऱ्या जाऊबाई वर!

शेवटच्या दिवशी सुपरवायझरच्या टेबलावर चिकटपट्टी घ्यायला गेले आणि पडदा दिसला. पाण्याच्या टाकीपाशी हातवारे करणाऱ्या जाऊबाई, आणि डोक्यावर माझा नंबर! खांबाआड दोघी एक झालो की डबीचा गोंधळ उडायचा, बाहेर पडताना नंबर बदललेले असायचे. बाईंनी हे कधीच हेरलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सुपरवायझरला सांगितलं. "घरची भांडणं घरी ठेवा," म्हणाला.

ठीक आहे. मी स्टूल ओढलं आणि बसले.

"काम कर की," जाऊबाई म्हणाल्या.

"माझ्या खेपा तुमच्या नावावर जातात. तुम्हीच करा, माझ्या नावावर जातील."

त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनीही स्टूल ओढलं. नंबर परत फिरवायला दोघींनी खांबाआड जायला हवं होतं, पण आधी उठायचं कोणी? मी तर मेले तरी उठणार नव्हते. डोळे वटारून दिवसभर बसलो.

सुटायच्या वेळी सुपरवायझर आला. "दोन्ही नंबर पडद्यावरून गायब, आणि गोदामाचं काही अडलं नाही. उद्यापासून दोघीही येऊ नका."

"हिच्यामुळे!"

"यांच्यामुळे!"

आम्ही एकदमच ओरडलो.

घर एकच, त्यामुळे वाटही एकच. रस्ताभर एकमेकींच्या पुढे जायला बघत होतो. दारात दोघी अडकलो.

"सरक गं," त्या म्हणाल्या.

"कुठे सरकू, जाऊबाई? आता आहे का दुसरी जागा?"