अर्ध्या इंचाचा जॉब

नट तोंडाशीच अडला. मायक्रॉनने तो काढला, फुंकर मारली आणि पुन्हा लावून पाहिला. दांड्याच्या टोकाला पाडलेले आटे कसे सुरेख, स्वच्छ होते, पण बारा मिलिमीटरचा नट काही केल्या आत जाईना.

"फिरत नाहीये का?" बाहेरून आलेले परीक्षक चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "असू द्या हो. दिसायला झकास आहे. पन्नासपैकी बेचाळीस लिहा."

या गृहस्थांनी सकाळपासून पोरांनी परीक्षेसाठी बनवलेल्या एकाही जॉबला हात लावला नव्हता. हाताला तेल लागतं ना!

मायक्रॉन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. या प्रशिक्षण संस्थेत टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे कारागीर, घडवता घडवता त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि केसभर फरकासाठी मार्क कापतो म्हणून पोरांनीच ते नाव चिकटवलं होतं. त्याने जॉबला मायक्रोमीटर लावला. बारा पूर्णांक सात. म्हणजे बरोब्बर अर्धा इंच. परीक्षेचं ड्रॉइंग मिलिमीटरमधलं, आणि वर्कशॉपमध्ये इंचांतला जॉब एकच होता. त्याने स्वतः शिकत असताना केलेला, काचेच्या कपाटात नमुना म्हणून ठेवलेला.

तो उठून कपाटाशी गेला. कापसावर त्याच्या जॉबऐवजी दुसराच दांडा पडला होता. अंगभर ओरखडे, आटे उंदराने कुरतडल्यासारखे. टेबलावर आलेल्या जॉबचा टॅग होता चौदा नंबरचा. चौदा नंबर म्हणजे त्याच्या ताईची मुलगी.

त्याने तिला टूलरूममध्ये बोलावलं आणि टॅग लावलेला जॉब पुढे धरला.

"हा कुणाचा?"

"माझा, सर."

"व्यास किती?"

"बारा."

"मोजलास?"

ती हनुवटी वर करून म्हणाली, "सोमवारी कंपनीत हजर व्हायचंय, सर. पास असेन तरच घेणार आहेत. आणि तिथं कोण आटे पाडत बसतं? सगळं कॉम्प्युटरवर. बटण दाबायचं."

"बटण दाबल्यावर जे बाहेर पडलं ते चूक का बरोबर, हे कोण सांगणार? बटण?" त्याचा आवाज चढला. "चोरी करायला माझंच कपाट सापडलं तुला? लाज कशी वाटली नाही?"

"मामा," ती म्हणाली. वर्कशॉपमध्ये दोन वर्षांत तिने ही हाक कधी मारली नव्हती. "तू मला किती वेळा लेथवर उभं केलंस?"

त्याने हातातला जॉब उलटसुलट फिरवला.

"अकरा वेळा. बाकीचे दिवस हजेरी लिही, टूल पुसून ठेव, ऑइल आण. पोरं मशीनवर आणि मी रजिस्टरवर. बोट गेलं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू, म्हणायचास. घे, बघ. दहाच्या दहा आहेत." तिने दोन्ही पंजे त्याच्या तोंडासमोर पसरले. बोटं गोरीपान होती, एकाही नखात काळं नव्हतं.

त्याला भयंकर राग आला. तिच्यावर आला, आणि त्याहून जास्त कुणावर आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण राग आला की माणूस समोरच्यावरच काढतो. त्याने टेबलाशी येऊन मार्कांच्या कागदावर चौदा नंबरपुढे शून्य लिहिलं.

प्राचार्य धावतच आले. "अहो, सलग सहा वर्षं शंभर टक्के निकाल आहे आपला! एका पोरीपायी संस्थेचं नाक कापताय? तेही सख्ख्या भाचीपायी?" त्यांनी भिंतीवरच्या भल्यामोठ्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. 'व्यक्तिमत्त्व विकास हाच पाया, करिअर हेच ध्येय!' खाली त्यांचाच हसरा फोटो. "शिक्षण कशासाठी असतं, ते वाचा जरा."

"त्या फ्लेक्सखाली आट्यांचा तक्ता आहे, साहेब. इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी. तो दिसत असता, तर पोरीने निदान चोरी तरी नीट केली असती."

"जिभेला हाड नाही तुमच्या," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी कागद परीक्षकांपुढे सरकवला. परीक्षकांनी बिस्किटाचा चुरा झटकला, शून्य खोडून बेचाळीस केले आणि सही ठोकली. निकाल शंभर टक्के लागला.

संध्याकाळी ताई त्याच्या घराच्या दारात उभी राहिली.

"पास झाली ती. तुझ्या नाकावर टिच्चून झाली. सख्ख्या भाचीच्या मुळावर उठलास ना बाळ्या?"

"ताई, तिला काहीही येत नाही गं."

"मग दोन वर्षं तू काय करत होतास? माशा मारत होतास?" ताईचा आवाज फुटला. "शिकून स्वतःच्या पायावर उभी राहील म्हणून तुझ्या हवाली केली होती पोर. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली दिली असती तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, पण शिकली तरी असती."

"आत ये, पाणी तरी घे," एवढंच तो म्हणाला. ताईने उंबरा ओलांडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती भावाच्या दारातून पाणी न घेता परत गेली. तो बराच वेळ तांब्या हातात धरून उभा होता. पोरीला मशीनपासून जपता जपता आपणच तिचा घात केला, हे तो पाठ फिरवून जाणाऱ्या ताईला सांगू शकला नाही.

भाची कंपनीत लागली. तिचा फोन आला नाही.

महिन्याभराने नवी बॅच आली. फ्लेक्स भिंतीवरून उतरून कोपऱ्यात गुंडाळून पडला होता. तो उतरवल्याबद्दल प्राचार्यांनी दिलेला मेमो मायक्रॉनच्या खिशात होता. त्याने नेहमीसारखं सगळ्यांना कपाटाभोवती उभं केलं. कापसावर तोच ओरखडे उठलेला दांडा होता. त्याचा स्वतःचा जॉब टेबलाच्या खणात गेला होता.

"बापरे! सर, इतकं घाण काम कुणाचं?" एकाने विचारलं, आणि सगळे फिसकन हसले.

"माझं," मायक्रॉन म्हणाला.

हसू थांबलं. मागे एक मुलगी न सांगताच हजेरीचं रजिस्टर घेऊन उभी होती.

"ते ठेव खाली," तो तिला म्हणाला. "केस घट्ट बांध, आणि पहिल्या लेथवर ये."